कागदाचा दोष

मुरूमच्या शाळेत दहावीला पहिल्या अकरांत आलेल्या मुलांना प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावरची नावं अण्णाराव लिहितात. शाळेच्याच कारकुनीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी हे काम त्यांच्याकडंच राहिलं. एकतीस वर्षं एकच शाईचं पेन. बॉलपेनला ते खिळा म्हणतात.

गेल्या वर्षी मात्र नावं फुटली. छपाईवाल्यानं कागद बदलला होता, वरून गुळगुळीत आणि आतून निव्वळ टीपकागद. निब टेकली की रेघेला मिशा फुटायच्या. नवे मुख्याध्यापक बसवराज नम्र माणूस, त्यामुळं त्यांनी घाव हळूच घातला. "अण्णा, वय झालं आता. हात हालतो तुमचा. अजून एक वर्ष बघू, न्हायतर कम्प्युटरवर काढू."

हे अण्णारावांना फार झोंबलं. "माझा हात खांबासारखा हाय. दोष कागदाचा!" हे त्यांनी बसवराजांना ऐकवलं, मग पानटपरीवर ऐकवलं, आणि बायकोला, रुद्रम्माला, तर वर्षभर रोज ऐकवलं. चहा पिताना कपबशी खणखणायची, पण तो विषय घरात कुणी काढायचा नाही.

यंदाही कागद तोच आला. अकरा प्रमाणपत्रं, वर दोन जादा. एक जादाचं प्रयोगांत खर्ची पडलं. खडूची भुकटी चोळली, तर निब तुंबली. तुरटीचं पाणी लावलं, तर कागद पापडासारखा फुगला. समारंभाच्या आदल्या सकाळी पूजा उरकून ते तसेच लिहायला बसले. कपाळाला विभूती लावलेली बोटं धुवायची राहिली होती. त्या बोटांनी कागद सारखा केला, आणि नेमकी बोटं लागली तिथंच रेघ स्वच्छ उमटली.

मग काय! म्हातारबुवांनी विभूतीची वडी फोडली, फडक्यातून गाळली, कागदावर चोळून फुंकली आणि संध्याकाळपर्यंत अकरा नावं लिहून मोकळे झाले.

"देवाची विभूती कागदाला चोळता व्हय?" रुद्रम्मा म्हणाली.

"लेकरांच्या नावालाच लावली की. देव काय म्हणंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच कौतुकानं नावं वाचत बसली आणि एका नावाशी अडली. "श्रावस्ती. ही कंडक्टर प्रेमानंदाची न्हाय का? त्यांच्यात विभूती चालती का वो?"

प्रेमानंदाच्या आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हाच देव, अंगारा, भस्म सगळं घराबाहेर काढलं होतं. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं. राख तर फुंकून टाकली होती, कुणाला काही दिसणार नव्हतं. असा विचार अण्णारावांच्याही मनात आला आणि त्याची त्यांना लाज वाटली. उरलेलं कोरं प्रमाणपत्र आणि पेन घेऊन ते निघाले.

प्रेमानंद इस्त्रीचा शर्ट घालून समारंभासाठी तयार होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"न्हाय सांगितलं असतं, तर कळलं नसतं, अण्णा."

"म्हणून तर आलो."

"मग दुसरं लिहून द्या. इथंच."

"फुटंल रे."

"फुटू द्या. शाईच हाय."

अण्णारावांनी टेबलावर कागद ठेवला. श्वास रोखून, पेनाचा भार अजिबात न देता नाव लिहिलं. तरी व्हायचं ते झालंच. श्रावस्तीनं दोन्ही हातांनी कागद धरून फुंकर घातली आणि वाळल्यावर त्यांच्या हाती परत दिला. आधीचं प्रमाणपत्र त्यांनी घरी जाऊन देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलं.

शाळेच्या मंडपात बसवराजांनी गठ्ठा चाळला. एकेक नाव बघून त्यांचा चेहरा खुलत गेला. "हरलो मी, अण्णा! छापल्यासारखं आलंय. कम्प्युटर राहू द्या." मग श्रावस्तीचं प्रमाणपत्र हातात आलं आणि ते थांबले. "ह्याला काय झालं? कागद तर तोच हाय."

समोर पहिल्या रांगेत प्रेमानंद आणि त्याची पोरगी बसली होती. विभूतीचं बोलावं, तर भर मंडपात त्या पोरीच्या घराची चर्चा होणार. अण्णारावांनी पेनाचं टोपण घट्ट केलं.

"हात हालला, सर," ते म्हणाले. "वय झालं."