भैयाजी कोष्ट्याचा ध्रुव

लग्नात नवरदेवाच्या हातून चूक व्हायचीच. कोणी हार उलटा घालतो, कोणी नाव घ्यायच्या वेळी मुका होतो. नागपुरातल्या कोष्टीपुऱ्याच्या भैयाजीनं मात्र थेट आभाळातच चूक केली.

लग्न गोरज मुहूर्ताचं. सप्तपदी झाली, अंधार दाटला, आणि भटजी म्हणाले, "नवरीला ध्रुव दाखवा." आता भैयाजीचा जन्म गेलेला हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून सुताचा धोटा फेकण्यात. ध्रुव कुठं असतो, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! पश्चिमेला चिंचेच्या शेंड्यावर एक टपोरं, समईसारखं तेज दिसलं. त्यानं बिनधास्त तिकडं बोट केलं. भटजी होमाच्या धुरानं डोळे चोळत होते, त्यांना काही दिसलं नाही. नवरी कौशल्येनं वर पाहिलं, मान खाली घातली आणि पदराआड हसली. भैयाजीला वाटलं, लाजली.

पुढं प्लेगच्या साली शहर ओस पडायला लागलं, तेव्हा त्यानं तिला माहेरी, उमरेडला धाडायचं ठरवलं. स्वतः मागं राहिला, कारण मागावर अर्धं लुगडं होतं. घराला आग लागली तरी अर्धा ताणा टाकून उठायचं नाही, ही कोष्ट्याची रीत. बैलबंडीत बसताना तो तिला म्हणाला, "दिवेलागणीले आपल्या ध्रुवाकडे पाहत जाय वं. मीही इथून पाहतो. म्हणजे जवळ बसल्यासारखं वाटन."

प्लेगानं उमरेडही सोडलं नाही. निरोप आला तोवर कौशल्येची राख थंड झाली होती. थोड्याच दिवसांत पश्चिमेचं ते तेजही बुडालं, दिसेचना. पुढच्या साली ते परत उगवलं, त्या संध्याकाळी भैयाजी ओट्यावर उभ्या उभ्या रडला.

तेव्हापासून त्याचा नेमच झाला. ते तेज दिसायचं तोवर रोज दिवेलागणीला माग थांबवायचा, ओट्यावर बसायचं आणि आभाळाला दिवसभराचं सांगायचं. किनारीचा रंग कसा उतरला, भाकर कशी करपली. शेजारचा रुपराव हटकायचा, "भैयाजी, कोणाशी बोलून राहिले गा? आभाळाले लुगडं विकता का?"

"घरच्यांशी बोलतो," भैयाजी म्हणायचा.

अशी बरीच वर्षं गेली. मग समोरच्या शाळेत मधुकरराव मास्तर आले. मोठे हौशी. संध्याकाळी पोरं मैदानात जमवून आभाळ शिकवायचे. "जो स्वतःच्या उजेडानं तळपतो तो तारा. आपला सूर्यसुद्धा ताराच, जवळचा म्हणून एवढा मोठा दिसतो. जो सूर्याभोवती फिरतो आणि त्याच्याच उजेडानं चमकतो तो ग्रह. तारा लुकलुकतो, ग्रह शांत दिसतो. तो पश्चिमेचा पाहा, शुक्र. ग्रह आहे. आणि उत्तरेला तो बारीकसा तारा, तो ध्रुव."

भैयाजी ओट्यावरून उतरून आला. "मास्तर, ध्रुव तं हा. मावळतीचा."

पोरं फिदीफिदी हसली. मास्तर हसले नाहीत. "नाही हो भैयाजी. ध्रुव कधी मावळत नाही. तुमचा महिनोन् महिने गायब होतो ना?"

"होते."

"मग तो शुक्रच. तुमच्या मागासारखंच बघा. खुंटी जागची हलत नाही, धोटा या कडेचा त्या कडेला जातो आणि परत येतो. ध्रुव ती खुंटी, शुक्र तो धोटा."

तारा असो की ग्रह, त्याचं भैयाजीला काही नव्हतं. त्याच्या काळजात काटा रुतला तो वेगळाच. सासरे रामाजी नक्षत्रांचे जाणकार होते. त्यांनी लेकीला खरा ध्रुव दाखवलाच असणार. म्हणजे ती तिकडं उत्तरेकडं तोंड करून बसली आणि हा इकडं पश्चिमेकडं? शेवटच्या त्या दिवसांतही दोघं एकेकटेच?

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी मागावर बसला तर धागा तुटायला लागला. जन्मात पहिल्यांदा अर्धा ताणा तसाच टाकून तो उठला आणि उमरेडची वाट धरली.

सासू गोदूबाई अंगणात सुताच्या कांड्या भरत होती. रामाजी तर कधीच वारले होते. पाणी पिण्याआधीच त्यानं विचारलं, "आत्याबाई, ती इथं संध्याकाळी कोणीकडे पाहत जाय?"

"कौशी? मावळतीले." म्हातारीचा हात थांबला. "तिचा बाप रोज हटके, 'पोरी, ध्रुव उत्तरेले असते.' तं म्हणे, 'बाबा, मले लग्नातच समजलं. पण ते तिकडंच पाहून राहिले असतीन.' काहून गा, जवाईबुवा? आज काहून पुसता?"

 भैयाजीनं तांब्या तोंडाला लावला, तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

नागपूरला परतून त्यानं लुगडं पुरं केलं. पुढं शुक्र पुन्हा बुडाला, पश्चिम मोकळी पडली. तरी दिवेलागणीला भैयाजी ओट्यावर हजर.

"अरे, तिकडे आता काईच नाही," रुपराव म्हणाला. "कोणाले पाहून राहिले गा?"

"धोटा त्या कडेले गेला आहे," भैयाजी म्हणाला, आणि ओट्यावर जरा बाजूला सरकून बसला, शेजारी एक माणूस मावेल इतका.