कड्याशेजारची बाई

माझ्या सरांच्या भूगर्भशास्त्रावरच्या जाडजूड पुस्तकात हिमालयातला एक फोटो आहे. कागद चुरगळावा तसा चुरगळलेला कडा आणि पायथ्याशी पाठमोरी बाई. खाली ओळ: 'उंचीचा अंदाज यावा म्हणून माणूस.' ती मी. खडकाची ती घडी मला सापडली होती. तीन दिवस एकटीने मी तिचे उतार मोजले होते. चौथ्या दिवशी सर आले आणि म्हणाले, "तिथे उभी राहा, हलू नकोस." दगड वाकायला लाखो वर्षांचा दाब लागतो, असं मी वर्गात शिकवते. मला एक वाक्य पुरलं. पुस्तकात माझं नाव कुठेच नाही. काल एका विद्यार्थिनीने फोटोवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, ही कोण?"

मी म्हटलं, "मोजपट्टी."