डाव्या हाताने लिहिलेलं मत

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि अनोळखी माणसापुढे खोटं बोलून मिळणार तरी काय?

श्रीरामपूरला मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. पुणतांब्याहून सकाळच्या पॅसेंजरने यायचं, आणि दुपारी प्रयोगशाळेत उभं राहिलं की डोळे जड व्हायचे. खिडकीतलं ऊन ब्युरेटच्या काचेवरून घसरत टेबलावर यायचं. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत त्या उन्हात दिसायचीच नाही, नुसती हवा थरथरताना दिसायची. ते दिवस आठवले की अजून मला अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. माणसं दिसतात, त्यांचे आवाज मात्र लांबून येतात.

भौतिक रसायन शिकवणारे आमचे सर तेव्हा मराठीत पुस्तक लिहीत होते. नेमलेलं पुस्तक इंग्रजी, विटेएवढं जाड — आमच्यातले निम्मे ते उशाला घेण्यापुरतंच वापरत. सरांना वाटायचं, पोरांना आपल्या भाषेत कळलं पाहिजे, आपल्या घरातल्या उदाहरणांनी कळलं पाहिजे. एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे गुऱ्हाळ आहे ना रे?" आणि पुढच्या रविवारी थर्मामीटर घेऊन ते खरोखरच आमच्या गुऱ्हाळावर आले.

माझे वडील गुळव्या होते, काहिलीत रस आटवून गूळ करणारे. रस कधी उतरवायचा हे त्यांना नुसत्या वासावरून कळायचं. सर काहिलीपाशी वाफेत उभे, चष्मा धुरकटलेला, दोरीला बांधलेला थर्मामीटर उकळत्या रसात सोडलेला. रस दाट होत गेला तसा पारा शंभराच्या पुढे सरकू लागला, आणि सर लहान मुलासारखे हसले. वडील म्हणाले, "मास्तर, काचंला काय ईचारताय? मला ईचारा की. आजून वाईच टाईम हाय." सरांनी ते वाक्यसुद्धा वहीत लिहून घेतलं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता, तो का नाही पुरला मला?

कारण पुढच्या महिन्यात सरांनी प्रकरणं सायक्लोस्टाइल करून वर्गात वाटली. त्यात आमचं गुऱ्हाळ होतं, 'आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील' असंही होतं. वर्गात आम्ही नऊ जण. माझ्याकडे वळून बघायला कितीसा वेळ लागणार? संध्याकाळपर्यंत माझं नाव 'गुळव्या' पडलं होतं. स्टेशनवर, कॅन्टीनमध्ये — गुळव्या. मी हसायचो. आतून जळत होतो. ज्या माणसाच्या घामावर मी शिकत होतो त्याची मला लाज वाटली, हेही सांगून ठेवतो.

मग सरांनी मतं मागितली. कोऱ्या कागदावर, नाव न घालता. "मोकळेपणाने लिहा, छापखान्यात देण्याआधी मला कळू दे." पण आमचं अक्षर तर त्यांना प्रॅक्टिकलच्या वह्यांतून पाठ होतं. म्हणून मी डाव्या हाताने लिहिलं. लिहिलं की हे पुस्तक रसायनशास्त्राचं नाही, गुऱ्हाळाचं आहे. ज्यांना इंग्रजी झेपत नाही त्यांनी कोयता घेऊन उसात जावं, आणि ज्यांना शास्त्र येत नाही त्यांनी पुस्तकं लिहू नयेत.

इथपर्यंत सांगणं सोपं आहे. तरुण होतो, चिडलो होतो — लोक एवढ्यावर माफ करतात. पण एवढंच नव्हतं.

आमच्या वर्गात शांतवन होता. मिशनच्या शाळेतल्या मास्तरांचा मुलगा, माझा मित्र, प्रयोगशाळेत माझ्या शेजारचं टेबल त्याचं. तो डावखुरा होता. शाईच्या पेनने लिहिताना त्याचा तळवा ओल्या अक्षरांवरून फिरायचा आणि प्रत्येक ओळ फरफटायची. सर त्याची चेष्टा करायचे, "शांतवन, तुझ्या वहीवर रोज ढग उतरतात रे." पण त्याचा हात असा स्थिर की त्याचं टायट्रेशन एका थेंबानेही चुकत नसे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक जागा होती आणि तिथे सर त्याच्यासाठी शिफारसपत्र देणार होते. घरी लग्नाच्या दोन बहिणी. त्या पत्राकडे अख्खं घर डोळे लावून बसलं होतं.

माझं मत लिहून झालं तेव्हा मी कागदाकडे पाहिलं. सगळ्या ओळी फरफटलेल्या होत्या. हे कोणाचं वाटेल ते मला कळलं — तिथेच, त्याच क्षणी. फाडायला दोन सेकंद लागले असते. दुसरा कागद समोर पडलेला होता. मी घडी घातली आणि गठ्ठ्यात सरकवली.

दोन दिवसांनी सर शांतवनच्या टेबलापाशी थांबले. मी हाताच्या अंतरावर होतो. "आवडलं नव्हतं तर तोंडावर सांगायचं होतंस," ते म्हणाले. शांतवन म्हणाला, "नाही सर, मला तर आवडलं." सर म्हणाले, "असू दे." त्यांचा आवाज चढला नाही. त्यांचे डोळे मात्र लाल झाले होते, आणि मी ब्युरेटकडे बघत राहिलो. ते गेल्यावर शांतवनने मला विचारलं, "माझं काय चुकलं रे?" मी म्हणालो, "काही नाही. सरांचं डोकं दुखत असेल."

पत्र मला मिळालं. त्यात लिहिलं होतं की हा विद्यार्थी मोजमापात बिनचूक आहे, याचा हात स्थिर आहे. माझा हात कापायचा, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. सरांनी शांतवनसाठी लिहिलेला मजकूरच माझ्या नावाने उतरवला असणार. त्या वर्णनावर मी कारखान्यात चिकटलो आणि तिथूनच निवृत्त झालो. शांतवन नागापूरला एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर झाला, नट-बोल्ट मोजून देत. सरांचं पुस्तक यथावकाश छापून आलं. त्यात गुऱ्हाळ नव्हतं. वडिलांनी विचारलं, "आपलं नाव आलं का रं त्यात?" मी म्हणालो, जागा पुरली नाही.

मागच्या वर्षी सर गेले. त्यानंतर श्रीरामपूरच्या स्टँडवर शांतवन भेटला. केस पांढरे, बोलणं तसंच मऊ. म्हणाला, "सरांना एकदा विचारायचं होतं, माझं काय चुकलं ते. राहूनच गेलं बघ." त्याने माझा हात हातात घेतला होता. स्टँडवर गर्दी होती, ऊन होतं, मला पुरतं ऐकू आलं होतं. मी म्हणालो, "चल, चहा घेऊ."

आम्ही चहा घेतला. टपरीवाल्याला त्यानेच सांगितलं, "याच्यात साखर जरा जास्त टाक, याला गोड लागतो."