नवरीच्या खुर्चीवरचं कापड

पाटसजवळच्या एका लग्नात सरांनी मला स्टेजवर उभं केलं आणि माझ्या काळ्या तोंडावर फ्लॅश मारला. कॅमेऱ्यात बघून मोठ्यानं म्हणाले, “हिचं तोंड उजळलं ना, की नवरी चमकलीच म्हणून समजा.” पुढच्या सोफ्यांवरचे पाहुणे खदाखदा हसले. दोघांनी एकमेकांना टाळी दिली.

सर म्हणजे दौंडमधल्या एका फोटो स्टुडिओचे मालक. केडगावहून रेल्वेने मी त्यांच्याकडे फोटोग्राफी शिकायला जायचे. शिकवण्याचा तोरा मोठा आणि आत सगळी बोंब. रंग म्हणजे काय, तर कॉम्प्युटरवर नवरीला गोरं करायचं, नवरदेवाला गोरं करायचं, सासू रुसू नये म्हणून तिलाही. अख्खं वऱ्हाड पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखं दिसायचं. फोटोत पुढारी मधोमध हवा. भांडी घासणाऱ्या बाया किंवा ताशेवाले कडेला आले की कापून टाकायचे. याला ते कंपोझिशन म्हणत. आणि लाइटिंगचा धडा म्हणजे मी. नवरी यायच्या आधी तिच्या जागी मला उभं करून लाइट जमवायचे. प्रत्येक लग्नात.

मी गप्प बसायचे. कधी कधी हसायचेसुद्धा. पंगती बसल्या की थोडा वेळ कॅमेरा माझ्या हातात मिळायचा. त्यासाठी मी काहीही गिळत होते.

त्या दिवशी हशा ओसरला आणि नवरीची खुर्ची आली. लाल मखमलीची, सोनेरी पाठीची. सर म्हणाले, बस, बसल्यावर लाइट कसा पडतोय बघू. मी बसणार तेवढ्यात नवरीची आत्या लगबगीनं आली. आम्ही बौद्ध. माझं गाव, माझं आडनाव तिनं सकाळीच विचारून घेतलं होतं.

सरांना म्हणाली, “तिला तशीच नका बसवू. नवरी बसायचीय त्याच्यावर. कायतरी टाका खाली.”

सरांनी लाइटचे स्टँड गुंडाळायचं मळकं कापड काढलं. खुर्चीवर अंथरलं. हातानं सुरकुत्याही काढल्या. “बस आता,” म्हणाले. जणू माझीच सोय केली होती.

अंगाची नुसती लाही झाली. मी म्हणाले, “मी न्हाई बसणार. आन् आजपासनं तुमच्या लाइटपुढं उभीबी राहणार न्हाई.”

“मग कॅमेऱ्याला हात लावायचा न्हाई.”

“नका देऊ.”

हायवेवर येऊन एसटी धरली आणि बसमध्ये रडले. सरांसाठी कोण रडतंय? हातचा कॅमेरा गेला म्हणून रडले.

आता मोबाइलवरच फोटो काढून शिकते. सकाळी दारातून तिरपा उजेड येतो, आई भाकरी थापत असते. तिचा काळा रंग त्या उजेडात किती देखणा दिसतो, हे त्या स्टुडिओत मला जन्मात कळलं नसतं. वस्तीतल्या बायासुद्धा म्हणतात, “जरा गोरं कर की गं.” मी करत नाही. त्या चिडतात. चिडू देत.

सर सांगत फिरतात की दौंड-शिरूरकडं हिला कुणी दारात उभं करणार नाही. नका करू. तुमच्या मेहेरबानीवर थुंकते मी. कॅमेरा माझा स्वतःचा घेईन आणि लग्नांच्या ऑर्डरीही घेईन. पण ज्या घरात माणसाखाली कापड टाकतात, त्या घरचा एक फोटो काढणार नाही. का म्हणून विचारायला आले, तर तोंडावर सांगेन.