बघितल्यानं विझणारा उजेड

माझी लेक सुमन गेली, त्यानंतर तिच्या प्रयोगशाळेतल्या मीरानं मला बोलावून घेतलं. "काका, तिनं वाढवलेले मासे एकदा बघून जा."

अंधारी खोली होती. मीरानं माशावर निळा दिवा लावला. मी बारकं मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीला डोळा लावला. नखाएवढाही नाही असा, काचेसारखा आरपार मासा, आणि त्याच्या छातीत हिरवं चमकणारं काळीज धडधडत होतं.

मी चौथी नापास माणूस. त्यातलं शास्त्र कळत नव्हतं, आणि कुणापुढं डोळे पुसायची सवय नव्हती. नुसता बघत राहिलो.

"काका, बास आता. हा निळा उजेड फार वेळ टाकला की ती चमक विझत जाते. सुमन आम्हाला ओरडायची."

"माझ्या लेकीचा मासा आहे. मी बघणार."

हिरवं खरंच फिकं पडत चाललं. सुमनचा आवाजही मी रोज आठवतो, अन् रोज तो थोडा पुसट होतो. जपायचं म्हणून बघत बसावं, तर बघण्यानंच सरतं. मग माणसानं धरून ठेवायचं तरी कसं?

मीच म्हणालो, "मीरा, दिवा बंद कर."

मासा दिसेनासा झाला.

"काळीज चालूच आहे हो त्याचं," ती म्हणाली.

माझंही चालूच होतं. काय करता!