भोंग्याची बॅटरी

समुद्रात आरांग बेटाचा डोंगर धुमसायचा आणि अलीकडच्या किनाऱ्यावर चौकीत बसून वागिमान त्याच्यावर पहारा करायचा. गावाला याची इतकी सवय झालेली, की डोंगरानं राख उडवली की वाळत घातलेल्या मासळीवरनं शिव्या वागिमानलाच. महिन्यातनं एकदा तो धोक्याचा भोंगा वाजवून बघे. त्या आवाजावर बाया चुलीवरचा भात उतरवत. पळत कुणी नसे.

गावचा मुखिया हाजी रुस्लान. त्याच्या पोरीच्या लग्नात ऐन वेळी जनरेटर बसला आणि हाजी धापा टाकत चौकीवर आला. वागिमानला सगळं गाव पाकदे, म्हणजे थोरला काका, म्हणे.

"पाकदे, भोंग्याची बॅटरी दे. गाणारीण खोळंबलीय."

"आन् डोंगर उठला तर?"

"माज्या पोरीच्या लग्नात? त्याला लाजलज्जा हाय का न्हाई!"

वागिमानचा जीव बकऱ्याच्या रश्श्यात अडकलेला. चौकी बायकोवर, सुमियेमवर टाकून तो बॅटरी खांद्यावर घेऊन मांडवात गेला.

गाणं रंगात आलं आणि खिशातला वायरलेस खरखरला. सुमियेम ओरडत होती, "अवो, डोंगराची एक कूसच दर्यात घसरली! लाट येणार! आन् भोंगा वाजंना!"

समोर त्याची नात नाचत होती. त्यानं गाणारणीच्या हातातला माईक हिसकला. "लाट येतीय! टेकडीवर पळा!"

लोकांना वाटलं, नवं गाणं. सगळे ठेक्यात डोलायला लागले. हाजीनं रिवाजाप्रमाणं पुढं होऊन त्याच्या टोपीत नोट खोचली. "पाकदे, ताल बोंबललाय, पन गळा बरा हाय!"

"आरं, मरशीला!" वागिमान रडकुंडीला आला. तेवढ्यात त्याच्या नाकात रश्श्याचा वास शिरला.

"पंगत टेकडीवरच्या मशिदीत बसलीय! बकरं थोडंच उरलंय!"

मांडव क्षणात मोकळा. म्हातारे काठ्या विसरले. नवरी लुगडं गुडघ्यावर धरून सगळ्यांच्या पुढं. वागिमान नातीला काखेत मारून मागनं. चौकीकडनं सुमियेमही टेकडी चढत होती.

वर पोचल्यावर हाजीनं त्याची गचांडी धरली. "भर लग्नात खोटं बोलतुस? जेवान कुटंय?"

वागिमाननं खाली बोट दाखवलं. मांडव, माईक, बॅटरी आणि रश्श्याचं पातेलं दर्या घेऊन चालला होता. हाजीनं गचांडी सोडली.

पुढं साहेब चौकशीला आले. भोंगा वाजला का?

"वाजला म्हंजे? कान फाटले!" हाजी म्हणाला. सगळ्या गावानं माना डोलावल्या. "पन बॅटरी व्हावून गेली, साहेब. नव्या दोन द्या. गावात अजून लग्नं हायती."

एकच मिळाली. वागिमाननं तिला साखळकुलूप घातलं आणि किल्ली सुमियेमच्या कमरेला अडकवली. बकरं शिजायला लागलं की त्याचा स्वतःवर भरवसा नव्हता.