आडव्या ओळीतला मी

माझं नाव गुलाबराव. ऐन वेळी ते मला आठवलं नाही, एवढीच खरी हकीकत आहे. पण लोणावळ्याजवळच्या आमच्या औंढ्यात आजही सांगतात, की गुलाबरावानं एकट्याच्या डोक्यानं शब्दकोडं सोडवून शिवणयंत्र जिंकलं! त्या कौतुकाचे नारळ मी निमूटपणे घेत आलो (खोबरं मला आवडतं). आता वय झालं. मनाला खातंय, म्हणून सांगून टाकतो.

तेव्हा मी लोणावळा स्टेशनात पार्सल कारकून होतो. संक्रांत नुकतीच झालेली, धुकं असं की समोरचं इंजिन शिट्टीवरून ओळखायचं. एका साप्ताहिकानं बक्षिसाचं कोडं छापलं होतं, विषय 'बाग आणि थंडी'. पहिलं बक्षीस शिवणयंत्र! माझ्या बायकोची, सोनीची बोटं हातानं चोळ्या शिवून चाळणी झाली होती. ती रोज कोड्याला उदबत्ती ओवाळायची.

'थंडीत अंगणात हवीच' ही शेवंती की शेकोटी, यावरून आमचं जेवण गार झालं. शेवटी शेकोटी बसली. हुडहुडी बसली. अडलं एकच. तीन घरं, शेवटची अक्षरं 'लाब'. सूचना: 'ऐन थंडीत जोर धरी, भल्याभल्यांना वाकायला लावी.'

"जुलाब!" मी ओरडलो. (हुरडा जरा जास्त झाला होता. अनुभव ताजा होता.)

"अवं, बागंच्या कोड्यात जुलाब कशाला येतील?"

"खत म्हणून!"

सोनीनं कपाळाला हात लावला. "दुसरं हाय. मला ठावं हाय."

"मग सांग की!"

तिनं चुलीपाशी बसलेल्या माझ्या आईकडं पाहिलं आणि ओठ मिटले. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हा आईचा कायदा. लग्न झाल्यापासून सोनी त्या फुलालासुद्धा 'काट्याचं फूल' म्हणायची.

तिनं मला हाताला धरून अंगणात नेलं. "ह्ये बघा!"

धुक्यात काही दिसेना. मी पुढं झालो. "आई गं! टोचलं!"

"व्हय, व्हय! त्येच!"

"काटा? त्याला तीन घरं कशाला?"

"अवं, तुमास्नी समदी काय म्हन्त्यात?"

"साहेब."

"हापिसात न्हाई वो! घरात!"

"बाळ्या!" आतून आईची हाक आली. "थंडीत भाईर काय करतूस?"

संध्याकाळच्या मेलनं लखोटा गेला नाही तर यंत्र गेलंच! मी 'जुलाब' लिहायला टाक बुडवला. सोनीनं तो हिसकावला आणि थेट शेजारी धावली.

घटकाभरात ओसरीवर बायकाच बायका! "आत्याबाई, संक्रांतीचं हळदीकुंकू ऱ्हायलंय न्हवं आपलं?" सोनी साळसूदपणे म्हणाली. कुंकू लागलं, तिळगूळ वाटला, आणि आईच म्हणाली, "सूनबाई, नाव घे!" उखाण्यात घेतलेल्या नावाला कायद्यानं मुभा होती.

सोनीनं माझ्यावर नजर रोखली आणि घाटातल्या इंजिनासारखा आवाज लावला:

"मावळातलं धुकं उन्हानं फिटलं,
गुलाबरावांच्या नावात कोडं माझं सुटलं!"

"वा! फक्कड!" मी टाळी वाजवली. "पण कोड्याचं काय?"

बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. आईनं तिळाचा लाडू नेम धरून मारला. "आरं बाळ्या, तुजं नाव लिव्ह त्यात!"

मी लिहिलं. (आधी 'बाळ्या' लिहून पाहिलं. जमेना.) लखोटा पोटाशी धरून स्टेशनापर्यंत पळालो, आणि हलत्या मेलच्या टपालडब्यात तो टाकला.

पहिलं बक्षीस आम्हालाच! यंत्र माझ्याच पार्सल हापिसात उतरलं. बैलगाडी, पुढं लेझीम, औंढ्यात मिरवणूक! पाटलांनी फेटा मात्र मला बांधला. सोनी गाडीत यंत्राला टेकून राणीसारखी बसली होती. विजय कुणाचा, ते तिला पुरतं ठाऊक होतं.

यंत्रावर तिनं पहिला शिवला तो माझा रुमाल. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं, देठाला काटे दाखवून, एक फूल काढलेलं. माझा ऊर भरून आला.

"झकास!" मी म्हणालो. "झेंडू ना?"